नंदीच्या कानातला पासवर्ड

एका मुलीनं तोंड उघडावं म्हणून मी मारियम्मन देवीला पिठाच्या दिव्यांचा नवस बोलले होते. सेल्वी तिचं नाव. माझी लेक सुधा संध्याकाळी आमच्या ओट्यावर मुलांना कंप्युटर शिकवते, त्यातली ही सगळ्यात गप्प. तिचे अप्पा देवळापाशी हार विकतात. ते स्पष्टच म्हणाले, "पालक क्लास बघायला येतील त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली तर ठीक. नाहीतर क्लास बंद!"

नवस फळेपर्यंत किस्से मात्र साचत गेले. दारातल्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या पिठासारखे. कितीही झाडा, उरतातच!

सुधानं विचारलं, "इनपुट-आउटपुट कोण सांगेल?"

गणेश उठला. "इनपुट तांदूळ-उडीद, आउटपुट इडली!"

"आणि करंट गेला तर?"

"मग आउटपुट कालचा भात!"

सेल्वी हसली. बोलली नाही.

* * *

"रिसायकल बिन म्हणजे काय?"

"आजीची खोली, मिस! टाकलेलं सगळं तिथे सापडतं. पण आधी बोलणी खावी लागतात."

* * *

पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, असं सुधानं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चौकशी केली.

"कुणालाच नाही सांगितला," मीना म्हणाली. "फक्त देवळातल्या नंदीच्या कानात. मी विसरले तर कुणाला तरी ठाऊक हवा ना!"

"अगं, पण नंदी तुला परत कसा सांगणार?"

"सांगत नाही, म्हणून तर सेफ आहे!"

मी आपले हात जोडले.

* * *

एकदा मलाच कंप्युटर केलं. नियम एकच: पोरं सांगतील तेवढंच करायचं. दिवा लावायचा होता.

"मामी, काडी ओढा."

ओढली.

"धरून ठेवा."

धरली. आणि आधी तेल की आधी वात, यावर पोरांचं भांडण! बोट पोळलं तशी मी ओरडले, "अय्यो!"

गणेश नाराज. "कंप्युटर अय्यो म्हणत नाही, मामी!"

* * *

पालक आले. सेल्वीचे अप्पा फुलांची टोपली घेऊनच आले.

"बोल की!" ते तिला म्हणाले.

सेल्वी त्यांच्यासमोर बसली आणि तिनं त्यांच्या हातात धागा दिला.

"अप्पा, तुम्ही कंप्युटर. दोन मोगरे, एक मरवा. मग परत तेच."

अप्पा गुंफायला लागले. बाकीच्या मुलांचं बोलून झालं, हरभऱ्याचं सुंडल वाटून झालं, पालक चपला शोधू लागले. हार पायरीवरून खाली उतरला.

"पुरे आता, अण्णा," सुधा म्हणाली.

अप्पांनी मान वर केली नाही. "तिनं थांब म्हटलेलं नाही, मिस!"

तुमच्याही घरी अशी अबोल पोर असेल, तर नवस बोलाच. आणि एकदा धागा घेऊन तिच्यासमोर बसा.