आईच्या खोलीतलं प्रवाळ

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडिलांची कलेक्टर कचेरीत बदली झाली आणि आम्ही शिरूर अनंतपाळहून इथं राहायला आलो. मी पुढे औषधांचं दुकान टाकलं. चाळिशीनंतर, कुणाला गाण्याचा नाद लागतो तसा मला समुद्राच्या टाकीचा नाद लागला. मासे त्यात नावापुरतेच होते. माझा जीव होता प्रवाळांवर. परदेशात टाकीतच वाढवलेले, रीतसर कागदपत्रांसह आलेले ते छोटे तुकडे मी मुंबईहून आणले होते.

प्रवाळ म्हणजे प्राणी, हे घरात कुणालाच आधी पटलं नाही. दगडी प्रवाळ पाण्यातला चुना ओढून घेतं आणि स्वतःच्या अंगाखाली दगड रचत जातं. जिवंत असते ती वरची पातळ कातडी. माझ्याकडे एक हरणाच्या शिंगासारखं होतं, एक मेंदूसारख्या वळ्यांचं आणि एकाला हातोड्यासारख्या टोकांच्या लांब सोंडा होत्या. त्यांच्याच शेजारी मऊ प्रवाळंही होती. त्यातलं एक अळंबीसारखं, चांगलं ताटाएवढं पसरलेलं.

दगडी प्रवाळाला लाड नको असतात. त्याला सगळं कालच्यासारखं लागतं. कालचाच खारेपणा, कालचीच ऊब, कालचाच चुना. मी अधूनमधून थोडं पाणी बदलायचो आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गाळलेलं गोडं पाणी घालायचो, कारण पाणी उडतं, मीठ मात्र मागंच राहतं. हे सगळं छान चाललं होतं. मग दुष्काळ पडला.

नळ बंद झाले, बोअर आटलं. गल्लीत टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. माझी बायको शाळेत शिकवते. ती घरातल्या पाण्याचा हिशोब इतका काटेकोर ठेवायची की भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासात जायचं. अशा घरात दिवाणखान्यात काचेआड पाणी डुलत होतं. मी पाणी बदलणं पूर्ण थांबवलं.

एका दुपारी शेजारच्या काकू आल्या. टाकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे पाणी पिता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई हो, खारट हाय," आई म्हणाली.

"म्हंजे कुणाच्याच कामाचं न्हाई."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "देऊन टाकू सगळं."

"दे," ती म्हणाली. "पण घेणार कोण? आणि तोवर मरू द्यायचं का?"

तिनंच मग तोडगा काढला. कूलर बंद करायचा. कूलरच्या वाट्याचं जे पाणी, तेवढंच टाकीतलं उडालेलं भरून काढायला. त्यावर एक थेंब नाही. त्या उन्हाळ्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे लातूरकराला वेगळं सांगायला नको. आई पदरानं वारा घेत बसली.

तरी प्रवाळं खंगायला लागली. शिंगाच्या तळाकडून कातडी सुटू लागली आणि आतला पांढरा दगड दिसू लागला. मी चुना तपासला, क्षार तपासले, सगळं ठीक. नांदेडला माझा एक कॉलेजचा मित्र आहे, त्याच्याकडेही अशीच टाकी. त्याला फोन केला.

"पाणी बदलून राहिलास का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग तुझी ती अळंबी बघ. मऊ प्रवाळं शेजाऱ्याला हटवायला पाण्यात विष सोडतात. तू पाणी बदलायचास तेव्हा ते वाहून जायचं. आता साठून राहिलंय."

मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण डोळ्यांसमोर असून सुचलं नव्हतं. पाणी मुबलक असताना जी दोघं गुण्यागोविंदानं नांदत होती, ती पाणी तुटल्यावर एकमेकांना सोसेनात. हे मनात आलं तेव्हा खिडकीबाहेर टँकरपाशी भांडण चाललं होतं. मी खिडकी लावून घेतली.

मित्र रविवारी गाडी घेऊन आला. अळंबी आणि बाकीची मऊ प्रवाळं थर्मोकोलच्या खोक्यात घालून तो नांदेडला घेऊन गेला. मी टाकीत कोळशाच्या पुड्या सोडल्या, म्हणजे उरलेलं विष ओढलं जाईल.

आता प्रश्न उरला उन्हाचा. टाकीवर काच झाकली तर पाणी उडत नाही, पण तापतं. पंखा लावला तर थंड राहतं, पण भराभर उडतं.

"माझ्या खोलीत आण," आई म्हणाली. "उत्तरेची हाय. दुपारीबी गार असती."

"मोटरचा आवाज येईल, आई. झोप लागायची न्हाई."

"मला अशीबी कुठं लागती?"

टाकीतलंच पाणी बादल्यांत काढून प्रवाळं त्यात ठेवली आणि बायकोच्या मदतीनं सगळं तिच्या पलंगासमोर नेलं. वर काच झाकली. दिव्यांची ऊब दुपारच्या उन्हात नको म्हणून दिवे पहाटे लागतील असं केलं. आई पहाटेच उठायची. आम्ही लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तिची पूजा व्हायची. एरवी तांब्याभर पाणी लागायचं, त्या वर्षी ती पळीभर पाण्यात करायची. पूजा झाली की टाकीपुढं बसायची आणि मी उठलो की खबर द्यायची. कधी खबर चुकीची असायची. मासा दगडाआड झोपला तरी "गेला बघ" म्हणायची. पण एकदा तिनं सांगितलं, "त्या वळ्याच्या कडंला रंग आलाय."

मी भिंग घेऊन पाहिलं. मेंदूसारख्या प्रवाळाची कातडी सुटायची थांबली होती आणि उघड्या दगडावर एक जांभळट किनार पुढं सरकली होती. मी कितीतरी वेळ तसाच वाकून उभा राहिलो.

शिंग वाचलं नाही. ते टोकापर्यंत पांढरं झालं. मी काढायला हात घातला तर आई म्हणाली, "राहू दे की. मासा तिथंच निजतो." हातोड्यावाल्याच्या सोंडा मात्र पुन्हा फुलल्या.

पुढं पाऊस झाला, नळ आले, कूलर सुरू झाला. मी टाकी दिवाणखान्यात न्यायची म्हटलं, तर आईनं साफ नाही म्हटलं. आवाज नसला तर आता झोप येत नाही, म्हणाली.

काकूंचं बोलणं मी विसरलेलो नाही. ते बरोबर होतं की नाही, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मित्राचा मात्र नांदेडहून अधूनमधून फोन येतो, अळंबी फार मोठी झालीय, परत घेऊन जा म्हणून. मी नको म्हणतो.