बिनब्रेकची सायकल आणि सावनेरचा फोन

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चहासोबत चिवडा खावा तसे... मजा म्हणून. मी दातांची डॉक्टर आहे. नागपुरात प्रताप नगरला माझं क्लिनिक आहे, वरच्या मजल्यावर घर. लोकांच्या तोंडात उजेड टाकून बघायचं आणि जे दिसतं तेवढंच खरं मानायचं, असा माझा स्वभावच झालाय. आमच्या घरी कुणी भास, संकेत असलं काही बोलायला लागलं की मी आधी त्याचं बीपी मोजते. त्यामुळे हे लिहायला मन तयार होत नव्हतं. अभय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "लिहून टाक. नाही तर आयुष्यभर मलाच सांगत बसशील." नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

मला जुन्या सायकली दुरुस्त करायचा नाद आहे. लॉकडाऊनमध्ये क्लिनिक बंद होतं तेव्हा वडिलांची सायकल खोलून बसले, आणि मग ते वेडच लागलं. दातांचं कीटण काढायची हत्यारं चेनमधला गंज काढायला फार छान चालतात, हा माझा शोध!

नागपूरला लागूनच असलेल्या वाडीला माझ्या मावसभावाचं ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे. एकदा काही कामाने त्याच्याकडे गेले होते, तर शेजारच्या भंगारवाल्याच्या ढिगात, कूलरच्या मोडक्या जाळ्यांखाली, एक सायकल दिसली. खाली वळलेलं हँडल, अरुंद चाकं, अंगावर हिरव्या ऑइलपेंटचे थर. आणि ब्रेक नव्हते. म्हणजे तुटलेले नव्हते... ब्रेक बसवायला जागाच ठेवलेली नव्हती. मी त्या जाळ्या स्वतःच बाजूला ओढल्या. ही ट्रॅकवरच्या शर्यतीची सायकल होती. अशा सायकलला फ्रीव्हील नसतं. आपली साधी सायकल उतारावर पाय न हलवता जाते, तसं हिच्यात होत नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, आणि पायडल मागे फिरवलं तर चाकही मागे. थांबायचं तेही पायडल उलटं दाबूनच. असली सायकल नागपुरात मी आधी कधीच पाहिली नव्हती. भंगारवाल्याशी घासाघीस करायचंसुद्धा मला सुचलं नाही.

सगळा हिवाळा मी तिच्यामागे घालवला. क्लिनिकला गुरुवारी दुपारी आणि रविवारी सुट्टी असते. तेवढ्या वेळात गच्चीवर ऊन खात बसायचं आणि काम करायचं. हिरव्या रंगाखाली काळा निघाला, काळ्याखाली निळा, आणि तो निळा इतका सुंदर होता की मी तिथेच थांबले. पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला होता, तो सरळ करून आणला. फक्त उजवी बाजू काही केल्या हलेना. उजवं पायडल असं धरलं होतं की जणू वेल्डिंग केलंय. तेल सोडलं, गरम केलं, पुन्हा तेल. शेवटी एका रविवारी ते सुटलं.

सायकल स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. मी उजवं पायडल हाताने धरून सावकाश फिरवायला लागले. अर्ध्या फेरीपर्यंत ठीक, आणि मग ते जड लागलं.

आता हे जरा नीट सांगते, कारण माझ्यासाठी सगळं इथूनच सुरू झालं. माझ्याकडे जबडा आखडलेले पेशंट येतात. त्यांचं तोंड हळूहळू उघडावं लागतं. ते करून करून माझ्या हातांना एक गोष्ट पक्की कळते... लोखंड अडतं तेव्हा एकदम अडतं. स्नायू अडतो तेव्हा आधी थोडा विरोध करतो, थरथरतो, मग तुमच्यावर भरवसा बसला की सैल पडतो. माझ्या हातात त्या दिवशी होतं ते लोखंड नव्हतं. त्या पायडलवर कुणाचा तरी आखडलेला पाय होता. तो थरथरला, आणि सैल पडला.

मी हात काढून घेतला. गच्चीवर लख्ख ऊन, खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत चाललेली. मी स्वतःला म्हटलं, बेअरिंगमध्ये ग्रीस घट्ट झालं असेल. खाली येऊन वरण-भात केला. अभयला काही बोलले नाही.

त्यानंतर दर सुट्टीला तसंच व्हायचं. पण प्रत्येक वेळी थोडं कमी. मला लाज वाटते सांगायला, मी ते पायडल पेशंटसारखं फिरवायला लागले होते. सावकाश, थांबत थांबत.

सायकल पूर्ण झाली तेव्हा मी तिचे फोटो आमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ही कुणाची होती, कुणाला माहीत आहे का? बरेच अंगठे आले, माहिती शून्य. मग संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता.

"मॅडम, मी सावनेरहून बोलून राहिली. संध्या गजभिये. आमच्या शेजारच्या सरांनी मले फोटो दाखवला. ते सायकल माह्या सासूची हाय."

मला आनंदच झाला. मी विचारलं, त्या कधी चालवायच्या, कुठे शर्यती खेळल्या... पण तिला तिसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"मॅडम, एक सांगा. तुम्ही तिले रयवारी दुपारी हात लावता काय? अन् बेस्तरवारी?"

रविवार आणि गुरुवार, माझ्या सुट्टीच्याच दुपारी. मी म्हटलं, "हो. तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "सासूले लकवा मारला हाय. उजवा पाय लाकडासारखा झाला होता. आता रयवारी अन् बेस्तरवारी दुपारी हालते तो. गोल गोल. आमी डॉक्टरले देखवलं, तं ते म्हणते चांगलं लक्षण हाय. पण आई म्हणते, कोणीतरी पाय फिरवून राहिलं. बाईचे हात हायेत म्हणते."

मी तिला सगळं समजावलं. अर्धांगवायूनंतर असं होतं, स्नायू आपोआप हलतात, वार जुळणं हा योगायोग. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी तिला नाही, स्वतःला समजावतेय. पुढच्या रविवारी मी सावनेरला गेले.

गजभियेंचं घर बसस्टँडपासून जवळच. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली खाटेवर कुसुमबाई. सत्तरीच्या, बारीक, केस अजून दाट. बोलणं जड झालेलं, पण नीट ऐकलं की कळायचं. संध्याने त्यांची हकीकत सांगितली. कुसुमबाई मूळच्या नागपूरच्या इंदोऱ्याच्या, वडील कापडाच्या गिरणीत. रेल्वेतला एक सायकलपटू बदली होऊन जाताना ती सायकल त्यांच्या भावाला देऊन गेला, आणि चालवायला लागली ती बहीण. मैदानावरच्या शर्यतींत राज्यापर्यंत गेली. मग लग्न होऊन सावनेरला आली. नवरा कोळशाच्या खाणीत. सायकल भिंतीवर टांगली गेली ती कायमची. पण दर दिवाळीला कुसुमबाई तिला स्वतः तेल द्यायच्या.

"अन् त्या दवाखान्यात होत्या तवा मीच भंगारवाल्याले देली," संध्या म्हणाली. "खोली रिकामी कराची होती, खाट लावाची होती. मले काय मालूम... घरी आल्यावर त्या खिळ्याकडं बोट दाखवून रडे. बोलता येत नव्हतं."

मी कुसुमबाईंचा हात हातात घेतला. त्यांनी माझी बोटं चाचपली, उलटीसुलटी केली. मग म्हणाल्या, "हेच."

मला हे तिथल्या तिथे खोटं पाडायचं होतं. खरंच. मी अंगणात जाऊन अभयला फोन लावला. "गच्चीवर जा आणि सायकलचं पायडल हाताने फिरव. मी सांगेन तेव्हा थांब." फोन कानाला लावूनच आत आले, तिथे कुणाला काही सांगितलं नाही.

चादरीखाली कुसुमबाईंचे दोन्ही पाय हलायला लागले. एक वर, एक खाली.

"थांब," मी फोनमध्ये पुटपुटले. पाय थांबले.

"उलटं फिरव." पाय उलटे फिरले.

संध्याने तोंडावर पदर धरला. तेवढ्यात फोनवर अभयचा आवाज आला, जरा विचित्रच. "अगं, हे जड लागतंय. कुणी धरल्यासारखं." मग, "सुटलं हातातून." मग बराच वेळ नुसता चाकाचा आवाज, सर्रर्र करत चढत जाणारा. "अगं... मी हात लावलेला नाहीये. मी लांब उभा आहे."

मी खाटेकडे पाहिलं. चादर पार खाली सरकली होती. कुसुमबाई डोळे मिटून हसत होत्या, आणि त्यांचे पाय भरधाव फिरत होते.

दमल्यावर त्या थांबल्या. मी नाडी पाहिली, बीपी पाहिलं. सगळं ठीक. त्यांनी मला वाकायला लावलं आणि कानाशी म्हणाल्या, "स्टँडवर मजा नाई, पोरी. मैदानावर ने."

मी साफ नाही म्हटलं. त्या वयाच्या बाईला काही झालं असतं तर? आणि बिनब्रेकची सायकल मी तरी कधी चालवली होती? पण त्यानंतर रोज संध्याचा फोन. "आई जेवत नाई मॅडम. नुस्तं विचारते, कधी?" शेवटी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. काय विचारणार म्हणा... "थोडा व्यायाम चालेल का?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, चालेल.

एका रविवारी सकाळी आमच्याकडच्या एका मैदानावर आम्ही गेलो. धावायचा मातीचा ट्रॅक आहे तिथे. अभय पाण्याची बाटली घेऊन कडेला. माझ्या कानात इअरफोन, पलीकडे संध्या खाटेपाशी. मी पायडलच्या पट्ट्यांत पाय अडकवले आणि निघाले.

पहिली फेरी माझी होती. दुसरीत पायडलं माझ्या पायांच्या पुढे जायला लागली. मी ढकलत नव्हते, माझे पाय ओढले जात होते. वेग वाढला. वळणावर मी घाबरून सरळ बसायला गेले, तर सायकल आपणहून आत झुकली, इतकी सहज, की ते वळण तिने हजारदा घेतलं असावं. हँडलवर माझे हात होते, पण अंदाज दुसऱ्याच कुणाचा होता. मी थांबवायचा प्रयत्न केला. जमेना. पाय सोडवता येईनात. मी ओरडले, "संध्या, त्यांना सांग, बस करा!"

"सांगून राहिली मॅडम, त्या ऐकूनच नाई राहिल्या! आई... आई, थांबा ना वं!"

मी पडणार याची मला खात्रीच झाली. आणि मग कानात, खूप स्पष्ट, अजिबात जड नसलेला आवाज आला. "भेऊ नको. मी हाव ना."

त्यानंतर मी लढायचं सोडलं. किती फेऱ्या झाल्या, आठवत नाही. वारा, माती, आणि मला माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता असा वेग. मग पायडलं हळूहळू मंद झाली, आणि एकदम हलकी. कुणी उतरून गेल्यासारखी. मी अभयच्या अंगावरच जाऊन आदळले.

"संध्या?" मी इअरफोन कानात दाबला. "संध्या, त्या..."

"झोपल्या," ती म्हणाली. "घोरून राहिल्या."

मी मैदानावर बसून रडले. अभयने पाण्याची बाटली पुढे केली. मी संध्याला नंतर विचारलं की फोनवर ते बोललं कोण. ती म्हणाली, कोणीच नाही, आईच्या तोंडून त्या वेळी शब्द नव्हता.

त्याच आठवड्यात मी सायकल सावनेरला नेऊन दिली, स्टँडसकट. कुसुमबाई आता उशीला टेकून बसतात आणि डाव्या हाताने पायडल फिरवतात. वाटलं, संपलं. पण एक दिवस क्लिनिकमध्ये पेशंटच्या दाढेत ड्रिल असताना माझा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला. ड्रिलचं बटण पायाखाली असतं. मी हात झटकन बाहेर काढला म्हणून निभावलं. तरी पाय आपला गोल फिरतोय... पेशंट म्हणाला, "मॅडम, पायात गोळा आला का?"

मी घाईघाईने बाहेर जाऊन फोन केला. "संध्या, क्लिनिकच्या वेळात नको! गुरुवारी दुपारी. प्लीज." तेव्हापासून तसंच ठरलंय. त्या तो वेळ पाळतात.

हे काय आहे, मला माहीत नाही. माझे एक मेंदूचे डॉक्टर मित्र आहेत, त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांनी विषय बदलला. मी माझे सगळे रिपोर्ट काढले, सगळे नॉर्मल. पटेल असं काही कुणाला सांगता आलं तर जरूर कळवा.

गेल्या गुरुवारी मी खुर्चीत चपला काढून बसले होते. पाय फिरायला लागले आणि मध्येच उलटे ढकलले गेले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, टाच दाबून. मी घाबरून फोन केला.

"काही नाई मॅडम," संध्या हसत होती. "आई तुमाले थांबाचं शिकवून राहिल्या. म्हणते, त्या दिवशी पोरगी लय भेली होती."