डाग्नीची काळी चौकट

लुंगहोल्म बेटाच्या धक्क्यावर डाग्नीने एकोणचाळीस वर्षे बोटीची तिकिटे विकली. कुणाच्या गाडीत आजारी वासरू, कुणाच्या गाडीत नवी नवरी, हे तिला न विचारता कळे आणि त्या त्या गाडीला ती सोयीची जागा देई. पुढे खिडकी मिटली, तिकिटे संगणकाच्या पानावर गेली आणि डाग्नीच्या हातांना कंप सुटला. तरी बेट सुटले नाही.

थरथरत्या हाती माऊस म्हणजे ओली मासळी. धरावा तर निसटतो. म्हणून डाग्नी नुसत्या कीबोर्डावर काम करी. टॅबची कळ दाबली की एक काळी चौकट पुढच्या रकान्यावर सरके. चौकट जिथे, डाग्नी तिथे. अंधारात भिंत धरून चालावे, तशी ती चौकट धरून चाले आणि बरोबर आपल्या बोटीपाशी पोचे.

त्या वसंतात बोटीचे पान नवे झाले. ते संगणकाची पाने बनवणाऱ्या आमच्या कचेरीतल्या आस्गरने केले. केवढे निर्मळ, केवढे शांत पान! ती काळी चौकट त्याला पांढऱ्या टेबलक्लॉथवरच्या कॉफीच्या डागासारखी वाटली आणि त्याने ती एका ओळीत पुसली. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. आमच्याकडे काही काढून टाकणाऱ्याचेच कौतुक होते.

तिकडे बेटावर डाग्नी त्या पानात हरवली. मंगळवारऐवजी गुरुवारची बोट ठरली आणि डॉक्टरांची भेट चुकली. पुन्हा एकदा तसेच झाले. शहरातली तिची लेक कर्स्टीन कळवळ्याने म्हणाली की आपल्या इमारतीत तळमजल्यावर एक घर रिकामे आहे, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आणि स्वतःची बोटही ठरवता येत नसेल, तर बेटावर एकटीने कसे राहायचे?

मग एका शुक्रवारी, शेजाऱ्याने काढून दिलेल्या तिकिटावर, डाग्नी आमच्या दारात उभी राहिली. हातात रूबार्बचा केक, खांद्याला विणकामाची पिशवी. तिने सगळ्यांना केक वाढला, आस्गरशेजारी बसली आणि दुपारी तीन पस्तीसची परतीची बोट ठरवून दे म्हणाली. त्याने माऊसकडे हात नेला. तिने माऊस उचलून लोकरीच्या गुंड्यांत टाकला.

"आता कर."

आस्गर हसला. टॅब दाबला, पुन्हा दाबला, दाबतच राहिला. पान स्वच्छ, पण आपण त्यात आहोत कुठे? अंदाजाने त्याने एंटर मारला. उत्तर आले: घोड्याच्या गाडीसाठी जागा राखली आहे.

"घोडा आणलायस ना?" डाग्नी म्हणाली. "बोटीवर गवत मिळत नाही हं."

कचेरी हसली. आस्गर हसला नाही.

"मला वाटलं, ती चौकट कुणी बघतच नाही," तो हळूच म्हणाला.

"तू बघत नाहीस रे, बाळा. पान देखणं केलंस. फक्त मी कुठे उभी आहे, तेवढंच पुसून टाकलंस."

घोड्याची जागा रद्द करून त्याने चौकट परत आणली, आधी फिकी निळी. डाग्नीने नकारार्थी मान हलवली. मग गडद, मग जाड, मग काळी कुळकुळीत. मग कीबोर्ड तिने आपल्याकडे ओढला. हात कापत होते, चौकट स्थिर होती. रकान्यामागून रकाना, कळीमागून कळ. आणि तीन पस्तीसच्या बोटीवर एक प्रवासी, डाग्नी होल्मगोर, अशी ओळ उमटली. माणसाला त्याची जागा दिसावी, याहून मोठी सेवा आमच्या धंद्यात मला तरी ठाऊक नाही.

तिने तिथूनच लेकीला फोन लावला. ते घर दुसऱ्या कुणाला जाऊ दे म्हणाली. मी निघाले आहे, तिकीट माझे मी काढले आहे.

ती गेल्यावर आस्गरच्या लक्षात आले, माऊस पिशवीतच गेला. त्याने तो परत मागितला नाही. सोमवारी त्याने बोटीचे सारे पान पहिल्या रकान्यापासून कळ दाबत पुन्हा तपासले.