प्रश्नांची हजेरी

रोझाबाईंच्या वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायचं नाही. नाव पुकारलं की एक प्रश्न विचारायचा. “मासो निजता कसो?” “इंग्रज गेले, मगे तेंची आगबोट अजून कशी येता?” असले आमचे एकेक प्रश्न! उत्तर येत नसलं तर बाई खुशाल सांगत, “माका ठावक नाय. बघूया!” आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर तो प्रश्न लिहून ठेवत. बाईंनाही काही ठाऊक नसतं, याचंच आम्हाला केवढं नवल!

स्वातंत्र्य आलं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत पहिली शाळा आली. तीही जाळी ठेवायच्या मांगरात. मालवणहून आलेल्या रोझाबाई एकट्याच सगळे वर्ग सांभाळत. मुलं नाव घालत, पण टिकत नसत. रापण लागली, म्हणजे दर्यात टाकलेलं लांबलचक जाळं वाळूवरून ओढायची वेळ झाली, की वर्ग ओस पडे. दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा मिळे ना! पण तपासणीत मुलं कमी भरली तर शाळा बंद होणार होती. मग पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि “चेडवाक होडयेतसून धाडूचंय नाय,” असं माझ्या बाबांनी माझ्याबद्दल ठणकावलं होतं. मी रोज धास्तावून डोकी मोजायची.

नेमकी तपासणीच्या सकाळीच रापण लागली. मांगरात मी एकटी उरले आणि रडू लागले. बाईंनी हजेरीपट काखेत मारला. “रडतंस कित्याक? चल गो. पोरां आसत थंय शाळा.”

तपासणीचे दिपोटी साहेब वाळूवर पोचले तेव्हा बाई पदर खोचून दोरी ओढत होत्या. साहेब संतापले. “बाई, ही शाळा म्हणायची?”

“आपणच हजेरी घ्या, साहेब,” बाई शांतपणे शुद्ध मराठीत म्हणाल्या.

त्यांनी पहिलं नाव घेतलं. दोरीवरून आवाज आला, “सायबानू, तुमका रापण ओढूक येता?” सगळा किनारा हसला. एकेक नाव, एकेक प्रश्न. एकही मूल गैरहजर नव्हतं. शेवटी माझं नाव आलं. मी विचारलं, “शाळा बंद झाली तर मी खंय जावचा?”

साहेबांनी माझ्याही नावापुढे हजेरीची खूण केली. “मला ठाऊक नाही,” ते म्हणाले.

“बघूया!” बाई पटकन म्हणाल्या.

शाळा वाचली. रापणीच्या दिवशी ती दुपारी भरू लागली.

पुढे मीही शिक्षिका झाले, खाडीपलीकडच्याच शाळेत. बाई अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तशी मालवणला धावले. मी शाळेत शिकवते, असं सांगूनही त्यांनी मला ओळखलंच नाही. काय सुचलं कोण जाणे, मी हजेरीच्या सुरात हाक मारली, “रोझाबाई!”

डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले. “तुझ्या शाळेत कोणकोण येणत नाय, गो?”

“माका ठावक नाय, बाई.”

“मगे हंय बसलंस कित्याक? जा, बघ.”

दोन दिवसांनी बाई गेल्या. निरोप आला तेव्हा मी आमच्या शाळेजवळच्या वाडीत, कधीच शाळेत न आलेल्या एका मुलीच्या दारात उभी होते. तिचं नाव विचारत होते.