कासवाची स्पीडरन

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या फर्निचरच्या कारखान्यात सगळे कासव म्हणतात. करवतीवरून उठवून पॉलिश पेपरवर बसवला तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. खुर्चीचा एक हात घासायला तो अख्खी सकाळ घेतो, आणि वर बोट फिरवून म्हणतो, अजून जरा. मालक काही बोलत नाही, कारण याने घासलेली खुर्ची कधी परत येत नाही. मी बोलते. मला चिडायला फार काही लागत नाही, आणि हा तर सख्खा भाऊ. तर हे कासव घरी येऊन काय करतं, तर अतिशय घाईचा असा एक व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवतं. त्याला स्पीडरन म्हणतात म्हणे. कारखान्यात हे कुणाला सांगितलं तर माझंच डोकं फिरलंय म्हणतील.

गेम म्हणजे बारक्या बारक्या खेळांचं गाठोडं आहे. एकेक खेळ चार-पाच सेकंदांचा. पडद्यावर शब्द चमकतो, फुंक, झेल, काप, ओव, आणि कळेपर्यंत ते करून मोकळं व्हायचं, की लगेच पुढचा खेळ समोर हजर. मेणबत्ती विझवा, टेबलावरून पडणारा ग्लास झेला, फळी कापा, सुईत दोरा ओवा. जसं पुढे जावं तसा वेग वाढत जातो आणि पडदा नुसता लखलखत राहतो.

याच गेमने माझ्या भावाला आडवं केलं होतं. तेव्हा तो करवतीवर होता, वेगळा राहायचा, सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचा. मी कपडे दुरुस्तीची कामं घरूनच करते. त्या दिवशी कुणाच्या तरी पँटची मोहरी दुमडत बसले होते आणि तो टीव्हीसमोर खेळत हसत होता. मग हसायचा थांबला. मी वर बघितलं तर त्याचे डोळे डावीकडे ओढले गेलेले, आणि बघता बघता तो बाजूला कलंडला. सगळं अंग झटके देत होतं. गेम केव्हाच हरून संपला होता, शेवटची पाटी आली होती, आणि याच्या हाताचा अंगठा बटण दाबतच होता, दाबतच होता. मी हाका मारत होते, आणि तो अंगठा काही थांबेना. माझ्या हातातली सुई कुठे पडली ते मला कळलं नाही, ती दोन दिवसांनी गादीत सापडली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लुकलुकणारा उजेड याच्या मेंदूला सोसत नाही. गोळ्या चालू झाल्या, करवत बंद झाली, गाडी चालवणं बंद झालं, आणि तो गेम तर बंदच. त्याला मी माझ्या मागच्या खोलीत आणून ठेवला. न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली आणि त्याला सांगितलं, आत असेपर्यंत शीळ घालायची. शीळ थांबली की मी दार वाजवते. एकदा तोंडात साबण गेला म्हणून थांबला होता, तर मी दार ढकलून आत. तो ओरडला, ताई, निदान टॉवेल तरी घेऊ दे. आम्ही दोघं हसलो, पण कडी काही मी परत बसवली नाही.

पुढे काही महिन्यांनी मागच्या खोलीतून एक नवा आवाज यायला लागला. टिक. जरा वेळाने पुन्हा टिक. मी मशीन थांबवून ऐकायचे. टिक येत होती तोवर तो शुद्धीवर आहे, एवढं मला कळायचं, म्हणून आधी मला तो आवाज बराही वाटला. एक दिवस कपाटातलं कापड आणायला आत गेले, तर संगणकाच्या पडद्यावर तोच गेम. तीच मेणबत्ती.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. जीव नकोसा झालाय का, असंही म्हणाले. माझं बोलून झाल्यावर त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाला, बस आणि बघ. मग एक बटण दाबलं, टिक, आणि मेणबत्तीची ज्योत केसभर हलली. पुन्हा टिक, पुन्हा केसभर. काहीच लखलखत नव्हतं.

त्याने समजावलं ते असं. खेळ म्हणजे एका सेकंदात साठ चित्रं. संगणकात एक सोय असते, तिने एका वेळी एकच चित्र पुढे सरकतं आणि मग सगळं जागच्या जागी थांबतं. त्या चित्राला कुठलं बटण दाबायचं ते निवांत ठरवायचं. चुकलं तर मागे जाऊन पुन्हा करायचं. सगळी बटणं संगणक लक्षात ठेवतो आणि शेवटी ओळीने पूर्ण वेगात दाबून दाखवतो. माणसाच्या हाताला जे जमणार नाही ते अशाने जमतं. म्हणजे घाईच्या गेमवर हा पॉलिश पेपर मारत बसला होता. मी शेजारी बसून बघितलं आणि खरं सांगते, वार्निश वाळताना बघणं याहून बरं. डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, थांबलेली चित्रं चालतील, खोलीत भरपूर उजेड हवा, मात्र पूर्ण वेगातलं कधीही बघायचं नाही. मी त्याला माझी शपथ घातली.

आता बटणं सगळी नीट बसली का हे कुणीतरी पूर्ण वेगात बघायला तर हवं. कुणी म्हणजे मीच, दुसरं आहे कोण. सुट्टीच्या दुपारी खिडक्यांचे पडदे सारून लख्ख उजेड करायचा, तो स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसणार, मधलं दार किलकिलं, आणि मी संगणकासमोर. त्याला तिकडे नुसतं गेमचं गाणं ऐकू जायचं. सुरुवातीला मला ढिम्म कळायचं नाही. तो आतून विचारायचा, ग्लास झेलला का, आणि मी म्हणायचे, कुठला ग्लास. हळूहळू डोळा बसला. सुईचा खेळ मला आधी दिसायला लागला, कारण तो माझा धंदा. सुई दिसली न दिसली तोच दोरा पार गेलेला असायचा. मी ओरडून सांगितलं, असा दोरा आजवर कुणी ओवलेला नाही, गिऱ्हाइकांना कळलं तर माझं कठीण आहे.

पण माझा एक डोळा पडद्यावर आणि जीव स्वयंपाकघरात. भांड्याचा आवाज झाला तरी मी हाक मारायचे.

एकदा सगळं बिघडलं. फळी कापायचा खेळ यायला हवा होता आणि आला ग्लासचा. कुठेतरी एका चित्राची चूक राहिली होती. पण संगणकाला काय त्याचं. तो ठरलेली बटणं दाबत राहिला. ग्लास पडून फुटला तरी फळी कापल्यासारखी बटणं चालूच, मेणबत्तीसमोर दोरा ओवल्यासारखी चालूच. खेळ हरून संपला, पाटी आली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बटण दाबल्याची खूण दिसते ती लुकलुकत राहिली, दाबतोय, दाबतोय, दाबतोय. मी किंचाळून वायर उपटली.

तो धावत आला. काय झालं म्हणून विचारायला लागला, आणि मी इतके दिवस न बोललेलं बोलून गेले, की त्या दिवशी तुझा अंगठा असाच दाबत होता, खेळ संपला तरी.

त्याने उपटलेली वायर जमिनीवरून उचलली. मग म्हणाला, "म्हणजे मी तेही बघितलं नाही आणि हेही नाही. दोन्ही तूच बघितलंस."

त्याने ती एका चित्राची चूक शोधून काढली आणि काम पुढे चालू केलं.

तीन वर्षांनी रन पुरी झाली. असली कामं जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर त्याने ती पाठवली. तिथे परीक्षक असतात. त्यातल्या एकाने लिहिलं की कामात चूक नाही, पण असल्या झटपट खेळांच्या गाठोड्याला ही पद्धत शोभते का याचीच त्याला शंका आहे. अर्ध्याअधिक खेळांना वेळ ठरलेला. मेणबत्ती लगेच विझवा नाहीतर शेवटी, गाणं संपेपर्यंत पुढचा खेळ येतच नाही, मग वाचवायचं काय? चांगला खेळाडू नुसत्या हातांनीही यातलं बरंचसं करतो. आणि शेवटी शेवटी तर वेग एवढा की डोळ्याला करामत दिसतच नाही.

वेळेच्या मुद्द्यावर कासवाकडे उत्तर तयार होतं. पुढचा खेळ कुठला निघणार हे आधीचं बटण कधी दाबलं त्यावर ठरतं. म्हणून तो कुठे एक चित्र थांबला होता, कुठे दोन, आणि लवकर संपणारे खेळ स्वतःकडे ओढून घेतले होते. जिथे वाचवण्यासारखं काही नव्हतं तिथे त्याने गंमत केली होती. ग्लास जमिनीला टेकता टेकता झेलायचा, मेणबत्ती गाण्याच्या ठेक्यावर विझवायची. हे सगळं त्याने लिहिलं. अडला तो शेवटच्या प्रश्नावर. परीक्षकाने विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला हे पूर्ण वेगात बघताना मजा येते का?

जेवताना म्हणाला, मी एकदा बघतो. एक डोळा हाताने झाकून, लांब बसून, म्हणजे उजेड कमी लागेल. मी म्हटलं, मी बघितलंय ना, माझं लिही. तर म्हणतो, "तू फक्त बरोबर आहे एवढंच सांगतेस. मजा येते का ते तू कधी सांगितलं नाहीस."

खरंच होतं ते. भीतीपायी मी नुसती चूक शोधत आले होते, मजा कुठून दिसणार. आणि आता सांगू तरी काय? मजा येते म्हटलं तर याला बघावंसं वाटणार, आज नाहीतर उद्या, माझ्या मागे. नाही म्हटलं तर तीन वर्षांची माती. रात्रभर माझा जीव टांगणीला लागला होता. सकाळी मी त्याला म्हटलं, "माझ्या तोंडाकडे बघ. मला मजा आली तर तुला दिसेल."

दुपारी सगळे पडदे सारले. कपाटाच्या काचेत संगणकाचा पडदा दिसू नये म्हणून त्यावर गिऱ्हाइकाचं न बेतलेलं कापड टाकलं. त्याला पडद्याकडे पाठ करून माझ्यासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. आता अडचण अशी की मजा बघायची तर मला पडद्याकडे बघायला हवं, आणि तो समोर असताना त्याच्यावरची नजर काढायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी त्याचा उजवा हात माझ्या हातात घट्ट धरला. म्हटलं, डोळ्यांनी नाही तर हाताने लक्ष ठेवीन.

गाणं सुरू झालं. मेणबत्त्या विझल्या, ग्लास झेलला गेला. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता आणि मी मनात म्हणत होते, हस बाई, हस आता.

फळीचा खेळ आला तेव्हा माझ्या तळहातात त्याचा अंगठा हलला. दाबला. पुन्हा दाबला.

मी त्याच्याकडे बघितलं. डोळे डावीकडे गेलेले नव्हते, सरळ माझ्यावर होते, पण मागच्या वेळीही आधी सरळच होते. अंगठा दाबतच होता. दुसरा हात मी वायरकडे नेला. उपटणार तेवढ्यात नजर पडद्यावर गेली. अंगठा दाबला आणि करवत सरकली. दाबला, सरकली. दाबला, फळीचे दोन तुकडे झाले, आणि अंगठा क्षणभर थांबला. पुढचा खेळ सुईचा. अंगठा एकदाच हलला आणि दोरा पार.

तो खेळत होता. एकेक चित्र करत तीन वर्षं त्याने ती बटणं ठरवली होती, आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे बघत गाणं ऐकून ऐकून त्याला ती पाठ झाली होती. न बघता, पूर्ण वेगात, कासव माझ्या हातावर खेळत होतं. थोडाफार मागेपुढे होत असेल, पण मला एवढं कळत होतं की आता बटण येणार, आणि यायचं. मला पहिल्यांदाच सगळं दिसायला लागलं. ग्लास जमिनीला टेकता टेकता झेलला तेव्हा मी हसले, आणि माझं हसू बघून तोही हसला.

तरी भीती गेली नव्हती. खेळ संपल्यावर हा अंगठा थांबेल का, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. शेवटचे खेळ तर नुसते चमकून जात होते आणि तळहातावर अंगठा थडथडत होता. मी वायर सोडली नव्हती.

शेवटची पाटी आली. गाणं थांबलं. आणि अंगठा थांबला.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

मजा येते असं लिही, मी म्हटलं, पण डोळे दोनांऐवजी चार लागतात. मग मला रडू आलं. तो उत्तर लिहायला उठायला लागला, पण मी त्याचा हात सोडला नाही, म्हणून बसून राहिला.