खेळ कोरा केला तेव्हा

तुम्ही दोघे परदेशी गेलात त्याच्या आधीच्या मे महिन्यात तुम्ही आपल्या कॉम्प्युटरवरचा क्रिकेटचा खेळ पार बदलून टाकला होता. संघाला आपल्या कॉलनीचं नाव, खेळाडूंच्या तोंडावर शेजाऱ्यांचे फोटो, आणि इंग्रजी कॉमेंट्री काढून तिथे आजोबांचा आवाज. माइक त्यांच्या तोंडाशी धरून तुम्ही दुपारभर बसला होतात. चौकार गेला की, "हाण की लेका, अशी!" वाईड पडला की, "पन्हाळ्यासनं पळत आला आन् ह्यो टाकलास व्हय रं?"

मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "अहो, जरा बरं काही बोला. मुलं हे तिकडे घेऊन जातील."

"जाऊ दे की. तिकडच्यास्नी बी कळू दे."

पण सामान बांधायच्या गडबडीत तुम्ही ते नेलं नाहीत.

दिवाळीनंतर आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. कळायचं सगळं. बोलायला गेले की घशातून नुसती घरघर यायची. सकाळी मालिशवाली बाई गेली की मी त्यांना खुर्चीत बसवून खेळ लावून देत असे. डाव्या हाताच्या एका बोटाने ते बॅट फिरवत. चौकार गेला की स्पीकरमधून त्यांचाच आवाज येई, आणि त्या आवाजाबरोबर ते ओठ हलवत. त्या दोन-चार वाक्यांपुरते ते पूर्वीसारखे दिसत. डॉक्टर म्हणाले होते, रोज करू द्या.

एक दिवस मी कॉम्प्युटर आवरायला घेतला. कपाट आवरावं तसा. खेळाच्या फोल्डरमध्ये तुमच्या फाइली कुठेही पडलेल्या, नावं अर्धवट. मी त्या सगळ्या तिथेच एका नव्या फोल्डरमध्ये नीट ठेवल्या आणि त्याला तुमची नावं दिली. दुसऱ्या दिवशी खेळ नाणेफेकीपाशी येऊन थांबला. फाइली परत जागच्या जागी ठेवायच्या म्हटलं, तर कुठली कुठे होती ते आठवेना.

दुकानातून दुरुस्तीचे गृहस्थ आले. थोडा वेळ माउस फिरवून म्हणाले, "आजी, पोरांनी लई उद्योग केल्यात ह्यात."

आवरलं मी होतं, हे मी सांगितलं नाही.

"सगळं पुसून पयल्यापासनं टाकाय लागंल. मूळ सीडी कुठली असणार म्हणा आता..."

"आहे की!" मी कपाटातून सीडी आणली. मूळ डबीत, वर लेबल, आत कोड नंबरचा कागद.

"असलं गिऱ्हाईक न्हाय बघितलं बगा!" ते हसले. मीही खूश झाले.

"यातलं काही जाईल का?"

"पोरांनी टाकल्यालं तेवढं जाईल. खेळ कोरा करकरीत हुईल."

मला ते शेजाऱ्यांचे वाकडेतिकडे चेहरे आठवले. गेले तर बरंच, असं वाटलं. आजोबांचा आवाज तोवर इतका रोजचा झाला होता, की तोही तुम्हीच टाकलेला आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणाले, "करा."

खेळ सुरेख सुरू झाला. आजोबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी चौकार मारला आणि ओठ हलवले. स्पीकरमधून एक अनोळखी साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

गृहस्थांना मी फाटकातूनच परत बोलावलं. त्यांनी पुष्कळ शोधलं. "न्हाय, आजी. पुसल्यावर त्याच जागंवर नवं बसलंय. दुसरीकडं कापी हाय का?" मी तुमच्या वडिलांचं जुनं टेबल, प्रत्येक फ्लॉपी, सगळं पाहिलं. नव्हती.

त्या रविवारी तुमचा फोन आला. "आजोबा आमचा गेम खेळतात ना?" मी "हो" म्हटलं. खेळत होते, ते खोटं नव्हतं. पण तुम्ही काय विचारत होता ते मला कळलं होतं. बाकीचं आज लिहिते आहे.

त्यांचा आवाज पुसला गेलाय, हे आजोबांना मी दोनदा समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही; वाटलं, आवाज बारीक झालाय. ते स्पीकरचं बटण डाव्या हाताने हळूहळू फिरवत राहिले. साहेब घरभर ओरडत होता, आणि ते कान पुढे करून बसले होते. बटण मला बंद करता आलं असतं. पण ते आपला आवाज शोधत होते तोवर माझा हात तिकडे गेला नाही.