देशाच्या कडेवरची टोपली

“थांब, थांब. हे कोण बोलतंय?”

हेडफोनमध्ये कर्णिक मॅडमचा आवाज आला. मी काचेच्या आत, माइकसमोर. मॅडम काचेच्या बाहेर, इम्रानभाईंच्या शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“मॅडम, आयर्लंड बोलतोय,” मी म्हणाले.

“आयर्लंड बोलत नसतो. एक मुलगी बोलतेय. आणि तुझी मुलगी तर झेंडावंदनाच्या लाउडस्पीकरसारखी बोलतेय.”

इम्रानभाईंनी गुपचूप एक बटण बंद केलं. ते रिव्हर्बचं होतं. रिव्हर्ब म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात आवाज घुमतो ना, तसा घुमवायची सोय.

“मला वाटलं, मुल्क का मामला है,” ते म्हणाले, “थोडा घुमला पाहिजे.”

मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की घुमणं तिथेच थांबलं.

मी मिमिक्री करते. निफाडची. हळदीला, गॅदरिंगला, गणपतीत स्टेजवर आवाज काढते. नेते, नट, नवरीची सासू, नवरीच्या सासूची सासू. हे माझं पहिलंच पुस्तकाचं काम होतं. ऑडिओबुक. म्हणजे कोणीतरी अख्खं पुस्तक वाचून दाखवतं आणि लोक ते भांडी घासताना ऐकतात. पुस्तक होतं एका जुन्या आयरिश कादंबरीचं भाषांतर. भाषांतर कर्णिक मॅडमचं. त्यांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर हे एकच पुस्तक धरून बसल्या होत्या.

स्टुडिओ इम्रानभाईंचा. द्वारका चौकात, टायरच्या दुकानावर. भिंतींना गाद्या ठोकल्यात, तरी खालून एखादा ट्रक हॉर्न देतोच. मग रिटेक. घरी रेकॉर्ड करावं म्हटलं तर तिथे ओझरच्या विमानतळाचं विमान. ते डोक्यावरून गेलं की आमचा पत्रा आणि माइक एकाच सुरात थरथरतात.

कादंबरीची गोष्ट सोपी आहे. निदान इम्रानभाईंनी मला सांगितली तेवढी सोपी. शंभरेक वर्षांपूर्वीचा आयर्लंड. डोक्यावर इंग्रजांचं राज्य. एक मुलगा लहानाचा मोठा होतो. शाळा, चर्च, बापाची बडबड. मग त्याला कळतं की आपण लेखक आहोत, आणि तो बोटीत बसून देश सोडून जातो. मधल्या वेळात तो विचार करतो. पानंच्या पानं करतो. श्वास न घेता करतो.

हे विचार वाचायला पुण्याचे एक आवाज होते. भारदस्त, तुपातले. त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही. त्यांच्या फाइल यायच्या. म्हणून आम्ही त्यांना ‘पुणे’ म्हणायचो. “पुण्याने खोकला काढलाय, तो कट कर,” असं.

माझ्याकडे बायका होत्या. तीन. आई, मावशी आणि पुलावरची मुलगी.

ठरलं असं होतं की संध्याकाळपर्यंत मॅडमनी तिघी पास केल्या तर बायका माझ्या. नाहीतर त्याही पुणेच करणार. आवाज बारीक करून. एक तर काम जाणार होतं. दुसरं म्हणजे, पोरगी आता पुस्तकात बोलणार म्हणून आईने गल्लीत पेढे वाटून टाकले होते. पेढे परत घेता येत नाहीत.

पहिली आई. मी सिरियलमधली लावली. भरलेला गळा, मधेच हुंदका.

“ती रडत नाहीये गं,” मॅडम म्हणाल्या. “ती मुलाच्या कॉलरला साबण चोळतेय आणि तोंडाने प्रार्थना म्हणतेय. त्या पोराला तिच्यात चर्च दिसतं. तिला मात्र कॉलरचा मळ दिसतोय.”

हे मला लगेच कळलं. आमची आई हरिपाठ म्हणता म्हणता भुवईने सांगते, गॅस बंद कर. तीच लय धरली. आई एका टेकमध्ये पास.

दुसरी मावशी. ही माझी आवडती. शिवणकाम करते. इंग्रज सोल्जरांच्या कोटांना बटणं लावते आणि प्रत्येक बटणाला इंग्रजांना एक शिवी घालते. पण बटण मात्र पक्कं लावते. हिच्यासाठी मला शोधावंच लागलं नाही. माझी आत्या निफाडला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये मुकादम आहे. माल जातो साहेबाच्या देशात. हातात मणी मापायची रिंग, समोर पेटी आणि तोंड सुरू: “साहेबाला मणी मोठा पायजे, डाग नको, देठ हिरवा पायजे. मेल्यानं सवता कधी ऊन खाल्लंय का? ए शोभे, तो घड बाजूला काढ, साहेबाला पचायचा नाय.”

मी आत्याची पट्टी उचलली, फक्त भाषा मॅडमची ठेवली. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

“ही कोण?”

“माझी आत्या.”

“हिला अजिबात हलवू नकोस.”

म्हणजे दोन झाल्या. मी खूश. इम्रानभाईंनी चहा मागवला. आता उरली होती पुलावरची मुलगी. तिला एकच वाक्य होतं. मला वाटलं, चहा येईपर्यंत उरकेल.

तर ही मुलगी. हिरवी शाल, खाली नदी, मागे संध्याकाळ. आपला हिरो पुलावर तिच्या वाटेत उभा राहून तिच्याकडे बघतो. चार पानं बघतो. ही म्हणजे माझा देश, ही म्हणजे माझी माती, हिचे डोळे म्हणजे गुलामीतलं तळं वगैरे. पुण्याने ही चार पानं अशी वाचली होती की ऐकून इम्रानभाईंनी चष्मा पुसला. आणि चार पानांनंतर ती मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते. ते वाक्य असं: “जरा सरकता का? टोपली जड आहे.”

संपलं. ती निघून जाते. पुन्हा कादंबरीत येत नाही.

मिमिक्रीचा एक नियम आहे. कुठलाही आवाज हवेतून येत नाही, कोणाचा तरी उचलावा लागतो. देशाचा आवाज म्हटल्यावर मी आमच्या शाळेच्या सव्वीस जानेवारीच्या निवेदनाचा उचलला. तोच, ज्यात ‘बंधू-भगिनींनो’ म्हणताना सुद्धा अंगावर शाल असल्यासारखं वाटतं. त्या आवाजात मी म्हटलं, “जरा... सरकता का?” वर इम्रानभाईंचा रिव्हर्ब. तिथेच मॅडमनी थांब थांब केलं होतं.

मग टेकवर टेक. एक गोड केला. मॅडम म्हणाल्या, ही साबण विकतेय. एक दुःखी केला. म्हणाल्या, हिचं कोणी गेलेलं नाही. एक एकदम हळू, कुजबुजल्यासारखा केला. म्हणाल्या, हे तर अजिबात नको. खालून एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. त्याचंही मत विरुद्ध होतं.

“ए निफाड,” इम्रानभाई टॉकबॅकवर म्हणाले. टॉकबॅक म्हणजे बाहेरच्याने आतल्याला झापायचा माइक. “पाणी पी. नंतर बघू.”

‘नंतर बघू’ म्हणजे काय ते या लाइनीत सगळ्यांना कळतं. पुण्याला फोन.

मॅडम उठून आत आल्या. त्या छोट्या खोलीत आम्ही दोघी आणि माइक.

“तू त्या मुलाच्या डोक्यात जाऊन बोलतेयस,” त्या म्हणाल्या. “ती देश आहे हे त्याने ठरवलंय. तिला कोणी कळवलेलं नाही.”

“पण मॅडम, देश कसा बोलतो ते मला माहितीये. मी झालेय भारतमाता.”

“कधी?”

मग सांगितलं. शाळेत मी हेडसरांचा आवाज काढायचे. त्यांच्यासमोरही एकदा निघाला. सव्वीस जानेवारीच्या चित्ररथाला आमच्या बाईंनी मला भारतमाता केलं, कारण तेवढाच रोल असा होता की ज्यात बोलायचं नव्हतं. ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर मी. पुठ्ठ्याचा मुकुट, हातात झेंडा, काठी माझ्यापेक्षा उंच. खाली पोरं सैनिक झालेली, ती घसा फोडून घोषणा देत होती. माझ्याकडे बघून लोक हात जोडत होते. आमचा किराणावाला सुद्धा. एरवी हाच मला ‘ए पोरी, दारात उभी राहू नको’ म्हणायचा.

मॅडम हसायला लागल्या. “आणि तू पूर्ण वेळ गप्प?”

“गप्पच. म्हणजे, तेवढं एकदा सोडून.”

“काय म्हणालीस?”

“बाजारपेठेत ट्रॅक्टरने गचका दिला. माझा हात आधीच आखडलेला. मी ओरडले, ‘ओ काका, हळू ना! हात तुटला माझा!’”

“मग?”

“बाई म्हणाल्या, भारतमाता असं बोलत नाही.”

मॅडमनी हसणं थांबवलं. मग काचेतून इम्रानभाईंना खूण केली.

“हिला काहीतरी जड द्या.”

“जड? काय देऊ मॅडम? खालून टायर आणू?”

टायर दारातून आत येईना. शेवटी इम्रानभाईंनी कोपऱ्यातला पाण्याचा मोठा जार उचलून माझ्या हातात दिला. भरलेला. मी तो घागरीसारखा कडेवर घेतला. एका बाजूला वाकले. तोल सावरायला पाय फाकवले.

“पुण्याची चार पानं लावा,” मॅडम म्हणाल्या. “पूर्ण. मधे तोडायची नाहीत.”

पुणे सुरू झालं. संध्याकाळ. नदी. पहिलं पान मी छान ऐकलं. दुसऱ्या पानाला कंबर बोलायला लागली. तिसऱ्याला हिचे डोळे आणि तळं आलं, आणि मला मनातून वाटलं, अरे बाबा आवर. चौथ्या पानाला हाताला रग लागली, बोटं सुटायला लागली, आणि हा तिकडे अजून मातीवरच. इम्रानभाईंनी बोट दाखवलं.

“जरा सरकता का? टोपली जड आहे.”

रागावून नाही. लाडात नाही. जशी एसटीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण म्हणतो, तसं. वळताना जारमधलं पाणी डुचमळलं.

मी जार खाली ठेवला.

“वाक्य बढिया,” इम्रानभाई म्हणाले, “पण पाणी वाजलं. पंच घ्यावा लागेल.” पंच म्हणजे खराब झालेला तुकडा पुन्हा बोलून बरोबर तिथेच बसवायचा.

“पुलाखाली नदी आहे ना?” मॅडम म्हणाल्या. “वाजू द्या.”

बायका माझ्याकडे राहिल्या. पुण्याला फोन गेला नाही. जाता जाता मॅडम पायऱ्यांवर म्हणाल्या, “वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं की या कादंबरीत स्त्री हे राष्ट्राचं प्रतीक आहे. पोरं लिहून घ्यायची. मार्कही मिळायचे. आजपासून शिकवता आलं असतं तर मी आधी सगळ्यांच्या हातात जार दिला असता.” मग खाली जाऊन द्वारकेच्या रिक्षावाल्याशी भाड्यावरून अशा काही भांडल्या, की मी तो आवाज लगेच डोक्यात ठेवून दिला. पुढे लागेल.

ऑडिओबुक आलं. आत्याने ते पॅकहाऊसमध्ये मोबाइलवर लावलं, स्पीकरवर, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं. मावशीच्या सीनला तिने स्वतःला ओळखलं नाही. म्हणाली, “ही बाई लय तोंडाळ हाय, पण खरं बोलती.” पुलाच्या सीनला मात्र रिंग खाली ठेवून बसली. चार पानं शांतपणे ऐकली. माझं वाक्य आलं, पाणी वाजलं, मुलगी गेली.

संध्याकाळी मला फोन.

“काय गं, त्यो पोरगा इतका वेळ नुसता बघतच व्हता?”

“हो आत्या. त्याला ती देश वाटते.”

“वाटंना का. टोपलीला हात लावाया काय झालं व्हतं?”

मी तो प्रश्न जसाच्या तसा मॅडमना कळवला. त्या फोनवर बराच वेळ हसल्या.

तेव्हापासून मी एक शिकलेय. कुठलंही काम आलं, देवी असो, राणी असो, नदी असो नाहीतर अख्खा देश, मी आवाज नंतर शोधते. आधी विचारते, हिच्या हातात काय दिलंय आणि ते किती जड आहे. इम्रानभाईंनीही आता जार बूथमध्येच ठेवलाय. भरलेला असतो. प्यायला पाणी मागितलं तर त्यातलं देत नाहीत.